डावीकडचे आटे

बोर्येच्या कोठाराला फालूनच्या खाणीचा लाल रंग आहे.
तो रंग म्हणजे खरं तर गंजच,
खाणीच्या मळीतला, जवसाच्या तेलात मुरलेला.
गावातली घरं गंज पांघरून
शंभर शंभर हिवाळे काढतात,
आणि आत बोर्ये हालक्विस्ट
पॉलिश पेपर घेऊन गंजाशी भांडत बसतो.
"बाहेरचा राखतो, आतला खातो," म्हणतो
आणि ओठाखाली तंबाखूची पुडी सरकवतो.

गाडी डिसोटो, पंचावन्न सालची.
गोथेनबर्गच्या बंदरात उतरली ती एका दंतवैद्यासाठी,
मग त्याच्या जावयाची झाली,
मग अकरा वर्षं कोंबड्यांची.
मागच्या सीटच्या स्प्रिंगांतून अजून पिसं निघतात.

मी पोस्टातली. पार्सल द्यायला आले होते:
नेब्रास्काहून आलेला पाण्याचा पंप,
तिकडच्या मक्याच्या भावाच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
"जरा टॉर्च धर," म्हणाला.
नऊ हिवाळे झाले, धरून आहे.

पहिल्याच वर्षी मी डाव्या चाकाचा बोल्ट मोडला,
पान्यावर उभी राहून, सगळं वजन टाकून.
तो ओरडला नाही.
उरलेल्यांपैकी एकाच्या डोक्यावरची ग्रीसची पुटं
अंगठ्याने पुसून बारीकसं अक्षर दाखवलं.
या गाड्यांचे डावीकडचे आटे उलटे.
सुटावं म्हणून नेहमीच्या बाजूला जितका जोर लावशील
तितकं आवळत जातं.
हे तो बोल्टबद्दलच बोलत होता.
मी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी आईला फोन केला.

नोव्हेंबरात रस्त्यांवर मीठ पडलं की
गाडी ठोकळ्यांवर चढते.
प्लग काढून आठही भोकांत चमचा चमचा तेल.
मग महिन्यातून एकदा, बाहेर उणे वीस असो की तीस,
इंजिन हाताने फिरवायचं.
अर्धा फेरा. थांब. अर्धा फेरा.
निजलेल्या माणसाची कूस बदलावी तसं,
एका अंगावर राहून चिकटू नये म्हणून.
हे त्याला चांगलं जमतं.
गुनवोर शेवटची दोन वर्षं अंथरुणात होती.

बोर्येला इंग्रजी येत नाही.
जी येते ती दुरुस्तीच्या पुस्तकातली,
शब्दकोश मांडीवर घेऊन, पेन्सिलीने समासात अर्थ लिहीत
एकेक पान पार केलेली.
त्यामुळे त्याच्या इंग्रजीत 'मी' नाही,
काल नाही, उद्या नाही,
नुसत्या सूचना.

गेल्या जूनमध्ये, सिल्यानच्या काठी,
गाडी लावून आम्ही थर्मासमधली कॉफी पीत होतो.
ओहायोची एक बाई आली. साठीची असेल.
परवानगी न विचारता तिने बॉनेटवर तळहात ठेवला,
ताप बघावा तसा.
मग भराभरा बोलायला लागली:
वडील, हाच हिरवा, हाच वास,
कुठलासा पूल, आणि न झालेलं काहीतरी बोलणं.
मला निम्मं कळलं. तिला रडू फुटलं.

बोर्येने माझ्याकडे पाहिलं.
मग टोपी काढली, घसा साफ केला,
आणि होती नव्हती तेवढी इंग्रजी तिच्यापुढे ठेवली:

"बळजबरी करू नये.
थंड होऊ द्यावं.
मगच झाकण उघडावं, सावकाश,
चेहरा बाजूला ठेवून."

ती बघतच राहिली.
मग हसली, नाक पुसत, मोठ्याने, वेड्यासारखी.
त्याने दार उघडून दिलं.
दहा मिनिटं ती चाकामागे बसली, कुठेही न जाता.
उतरताना तिच्या स्वेटरला कोंबडीचं एक पीस लागलं होतं.
आम्ही सांगितलं नाही.

परतताना रेत्विकच्या चढावर काटा लाल पट्टीत गेला.
गाडी कडेला घेतली.
तासभर भूर्जांखाली डास मारत बसलो,
रात्रीचे अकरा वाजलेले, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर.
झाकणाला त्याने हात लावला नाही.