पान सतरा

एकोणतीस ओळी होत्या.
धुळ्याहून निघणाऱ्या त्रैमासिकात, शेवटून दुसऱ्या पानावर,
खाली कपाशीच्या बियाण्याची जाहिरात.
माझ्या पुस्तकाची पानं अठ्ठेचाळीस,
आणि ती छापायला मोडलेली पोत
अडीच तोळ्यांची.

प्राध्यापक य. ना. सोनगीरकरांनी लिहिलं होतं:
ही कविता नव्हे, ओट्यावर बसून निवडलेली डाळ आहे,
तीही खड्यांसकट.
लिहिलं होतं, बोली हा भाषेचा आळस.
लिहिलं होतं, बाईंनी पान सतरावर
'काळोख' हा शब्द नऊ वेळा वापरला आहे,
एक दिवा लावला असता तर कागद वाचला असता.

वाक्य बेतलेलं छान होतं.
दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मीही हसले असते.
तेच तर लागलं.

दीर म्हणाला, भुसावळले उतरू दे त्याले,
दादऱ्यावरच धरतो.
जाऊ म्हणाली, कशाले मनावर घेतं वं,
आपल्या गावात कोन वाचतं ते?
हे जास्त लागलं.

उत्तरं मी अकरा लिहिली.
पहिल्यात त्यांची अक्कल काढली.
दुसऱ्यात जात काढली,
मग स्वतःचीच लाज वाटून चुलीत घातलं.
तिसरं वृत्तात, म्हणजे बघा, मला येतं.
सातव्यात एकच शब्द: मान्य.
अकरावं पाकिटात घालून, तिकीट चिकटवून
फैजपूरच्या पोस्टापर्यंत गेले,
आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन परत आले.

पुढची तीन वर्षं फक्त दुधाचा हिशेब लिहिला.
तोही दोनदा वाचायचे,
शब्द कुठं पुन्हा आलाय का.

आणि यंदा मार्गशीर्षात, बामणोदच्या मळ्यात,
भरिताच्या पार्टीला
पतपेढीच्या चेअरमनसोबत एक पाहुणे आले.
मफलर, कानात यंत्र, गुडघे धरून बसणं.
पोत्यावर बसवलं त्यांना, पोतं डबल घडी करून.
नाव ऐकलं आणि माझ्या हातातली वांगी
पऱ्हाटीच्या जाळावर जरा जोरातच पडली.

साल तडकते तेव्हा वांगं शिट्टी मारतं.
वरून कोळसा होईपर्यंत थांबावं लागतं,
घाई केली तर आत हिरवट राहतं,
आणि सोलल्याशिवाय कळत नाही
नीट भाजलं की नुसतं जाळलं.
हे मी त्यांना सांगणार होते.
तीन वर्षं घासून ठेवल्यासारखं वाक्य जिभेवर आलं होतं.
पण बडजीत मिरच्या ठेचताना
डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचंच होतं,
आणि वाक्य गेलं.

ते जेवले. कळण्याच्या पुरीचे तुकडे करत,
हळूहळू, दात जपत.
मग पत्रावळीच्या कडेला नखानं
काळ्या सालीचे चार कण ओळीत मांडून म्हणाले,
एवढे राहिलेत हं, बाई.

चेअरमन ओशाळला. दीर उठून उभा राहिला.
मी म्हटलं, राहू देते मी.
धुराच्या वासासाठी.

त्यांनी यंत्र सारखं केलं. काय म्हणालात?
मी पुन्हा नाही म्हटलं.
ताक वाढलं.
जाताना त्यांनी विचारलं, पाणी कुठंय, हात धुवायचेत.
मी तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घातलं.
बोटं थरथरत होती, शाईचा एक जुना डाग,
माझ्याही त्याच बोटाला असतो तिथंच.

रात्री पेटीतून पुस्तक काढलं.
पान सतरा. पेन्सिल घेऊन मोजले.
नऊ नव्हते. अकरा होते.
दोन त्यांच्या नजरेतून सुटले होते,
किंवा त्यांनी सोडले होते, कोण जाणे.

तीन खोडले.
आठ ठेवले.
आठव्यापाशी बराच वेळ पेन्सिल टेकवून बसले होते,
तेवढ्यात लाइट गेली.