एकेचाळीस

रामबागेत किबे काकूंच्या कुंपणापाशी
पहाटे साडेपाचला मी चोरी करते.
फुलं नाही. फुलं देवाची.
मी तगरीची पानं खुडते आणि देठाशी
पांढरा थेंब येईस्तोवर थांबते.
"शालिनीची मुलगी शिकून वाया गेली,"
काकू आतून म्हणतात, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

चीक बोटाला धरून राहतो.
तिकडे मंदसौरला बोंडांना दुपारी चिरा देतात,
रात्रभर झिरपतं, सकाळी खरवडतात.
तोही आधी पांढराच असतो.
मग तपकिरी होतो, मग सरकारी होतो,
आणि थोडासा, दर वर्षी थोडासाच,
वाट चुकतो.

भेरूलाल, ट्रकवाला, खाट नंबर सहा.
डोडाचुऱ्याच्या चहावर सतरा वर्षं
मानपूरचा घाट उतरला, डोळा न लावता.
आता नाक गळतं, पोटऱ्या आतून पिळवटतात.
झोप?
"वा तो गाड़ी में रई गी, बेन."

तगरीच्या मुळात एक रेणू आहे.
तो पकड सोडवतो, असं उंदरांचं म्हणणं.
पण जाता जाता काळजाला धक्का देतो,
दोन ठोक्यांमधली फट रुंदावते
आणि एखादे वेळी पुढचा ठोका येतच नाही.
सुटका तीही.

म्हणून आम्ही त्याला उसवतो.
आई जुनं पोलकं उसवायची तसं,
बाह्या राखून गळा बदलायची.
सतरावा पाण्यात विरघळेना.
तेविसाव्यानं मासे झोपवले ते झोपवलेच.
तिसाच्या पुढचे आठवतही नाहीत, वहीत आहेत.

काल रात्री एकेचाळीस.
काचेच्या खळग्यात तीन दिवसांचं माशाचं पिल्लू,
इतकं आरपार की आतलं सगळं उघड्यावर,
हृदय तिळाच्या टोकाएवढं.
मी आणि तौसीफ आळीपाळीनं मोजत बसलो.
एकशे बेचाळीस.
एकशे बेचाळीस.
एकशे एकेचाळीस, पण तेव्हा मी शिंकले होते.
दीड वाजता तो सराफ्यातून गराडू घेऊन आला,
गार झालेले, जिरावन जास्त पडलेलं.
फट तेवढीच होती.
"मासा आहे, मॅडम," तौसीफ म्हणाला.
मी म्हटलं, माहीत आहे.
तरी दोघंही परत एकदा वाकून बघून आलो.

आज भेरूलालनं विचारलं, कधी?
उंदीर, मग ससे, मग फायली,
मग धडधाकट माणसं, मग परत फायली,
मी बोटं मोडत गेले.
आठ वर्षं. तीही सगळं नीट झालं तर.

त्यानंही मोजायला घेतलं.
"म्हारो आज ग्यारवो दन है."
डिझेल मुरलेली जाड बोटं, एकेक करून मिटली.
दहा संपली.
अकराव्यासाठी त्यानं माझी करंगळी धरली.

तिला सकाळचा चीक होता.
सुटायला आम्हाला
जरा वेळ लागला.