तेवीस-एकोणीस

ड्वेन फायफरच्या शोरूममध्ये चाकं भिंतीवर टांगलेली,
शिकारीतून आणलेल्या शिंगांसारखी.
काळी, वीस इंची, दातेरी कडांची.
आधी तो कॉफी देतो, मग खुर्ची,
मग म्हणतो, व्हर्ला, गाडीला जरा रूप येऊ दे.
मी म्हणते, माझ्या गाडीत मधमाश्या बसतात.
त्यांनी कधी तक्रार केली नाही.

सतरा इंची. स्टीलची. आठ बोल्टची,
समोरासमोरच्या दोन बोल्टांत साडेसहा इंच.
बरणीच्या लेबलामागे लिहूनच आणलंय.
तो संगणकात बघतो, मान हलवतो,
असली आता कोणी मागत नाही,
जणू मी रॉकेलवर चालणारा टीव्ही मागितला.
मग किंमत सांगतो, आवाज खाली आणून,
दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलतात तसा.
त्यात नट नाहीत. व्हॉल्व्ह नाहीत. बॅलन्सिंग वेगळं.
जुने टायर टाकून द्यायचे पैसे वेगळे,
म्हणजे माझाच कचरा, माझ्याच पैशाने.
कॉफी मात्र चांगली होती.

रुळांपलीकडे ऑटो डॉकनचं दुकान.
खुर्ची नाही. एक कुत्रं आहे, ते उठत नाही.
काउंटीच्या मोडीत निघालेल्या ट्रकांची चाकं
मागच्या अंगणात ढिगाने, बर्फाची पहिली पूड अंगावर.
एकेक उभं करून घरंगळवलं,
एक डोळा मिटून पाहिलं. पाचवं झोकांडलं.
बाकीच्यांतली चार निवडली.
ऑटो म्हणाला, आता टायरही इथलेच घे, नवेकोरे आहेत,
रबराचे केस बघ, अजून झडले नाहीत.

केस होते खरे.
मी गुडघ्यावर बसले, अंगठ्याला थुंकी लावली,
बाजूची धूळ पुसली. लांबट चौकटीत चार आकडे:
तेवीस-एकोणीस.

एकोणीस सालचा तेविसावा आठवडा.
म्हणजे जून. म्हणजे तो आठवडा,
लेलंड आणि मी आईच्या पेट्या वाटून घेतल्या तो.
चारशे दहा त्याला, चारशे दहा मला,
मोजताना दोघांनाही डंख, दोघंही गप्प.
मध काढायचं यंत्र एकच होतं.
ते तो घेऊन गेला.
त्याचा दांडा मी लपवून ठेवला.
आणि तेव्हा कुठल्या तरी कारखान्यात
हे चार टायर साच्यातून गरम गरम बाहेर पडत होते.

एक मैल चाललेले नाहीत, ऑटो म्हणाला. नवेच की.
मी नख रोवून पाहिलं. नख वाकलं.
चाललं नाही तरी रबर वाळतं, ऑटो.
तो छताकडे बघत राहिला,
जणू तारीख मीच टाकली होती.

फोन वाजला, तो आत गेला.
तेवढ्यात ते लाल कानांचं पोर, कोल्टिन की काय,
हवेची नळी गुंडाळत गुंडाळत पुटपुटलं:
मागे चार आहेत, एक्केचाळीस-चोवीसचे. दहा प्लायचे.
मी सांगितलं म्हणू नका.
म्हटलं नाही. घरचा मध आहे, दोन बरण्या
त्याच्या डब्याशेजारी ठेवल्या.
ऑटोने घासाघीस केली, मीही केली,
शेवटी दोघांनाही आपण फसलो असं वाटलं,
म्हणजे भाव बरोबर होता.

पन्नास मैलांवर नट पुन्हा आवळा,
पोराने दोनदा बजावलं होतं.
टाउनर ओलांडलं, हायवेच्या कडेला घेतली.
वारा असा, की दार उघडायला खांदा लावावा लागला.
सीटखाली हात घातला
तर पान्याआधी दांडाच लागला हाताला.
गार. त्याला थोडा मध अजून चिकटलेला.

तो बाजूला सारला. पाना घेतला.
एकशे चाळीसवर पाना कट्ट वाजतो.
कट्ट. कट्ट. कट्ट.
उजव्या मागच्या चाकाचा सहावा नट
वाजायच्या आधी पाव फेरा फिरला.
बाहेरून अगदी बाकीच्यांसारखा दिसत होता.