खोकला

मानेवाडा रोडवर, औषधाचं दुकान
आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे
काचेची एक खोली.
तिथे मी सात वर्षं लाल खुर्चीवर बसलो.
मे महिन्यात अर्धी वस्ती आत यायची,
पैशासाठी कमी, गारव्यासाठी जास्त.
तोंडावरचा दुपट्टा सोडून मान पुसायचे
आणि विचारायचे, "आहेत का जी मशीनमध्ये?"

काम म्हटलं तर काहीच नाही.
माणसाकडे पाहायचं, बोटांकडे नाही.
सुपरवायझर उपासे पहिल्याच दिवशी म्हणाले,
"कोणाचा नंबर तुह्या डोक्यात गेला
तर समज, चोरीचा माल घरी नेला."

तरी नंबर यायचेच.
कोणी कार्डाच्या पाठीवर बॉलपेननं लिहून आणलेला,
कोणी फोनवर नवऱ्याला विचारून राहिली, मोठ्यानं.
आणि गयाबाई टेंभुर्णे,
अजनीच्या लोकोशेडमधल्या माणसाची पेन्शन काढायला
दर दोन तारखेला यायच्या,
आणि एकेक आकडा म्हणत म्हणत दाबायच्या,
पहिलीतल्या पोरानं पाढा म्हणावा तसा.
पहिला सात.
पुढचे मी सांगणार नाही.

मी काय करणार?
खोकायचो.
साताच्या पुढे लगेच, चार वेळा, जोरात,
म्हणजे मला ऐकू येऊ नये
आणि मागच्यालाही.
बाईंना वाटलं छातीचं काही आहे.
एका महिन्यात सुंठ-गुळाच्या गोळ्या घेऊन आल्या,
"मेडिकलले दाखवून घे रे बाप्पा,
असं अंगावर काढू नये."
गोळ्या चांगल्या होत्या.
लेकीनंच संपवल्या.

मग ती दुपार. सेहेचाळीस डिग्री.
मी बाटली भरायला पाणपोईवर गेलेलो,
दहा मिनिटं, फार तर बारा.
आत एक पोरगा होता म्हणे, तोंड बांधलेला.
आता उन्हाळ्यात तोंड कोण बांधत नाही आमच्याकडे?
"काकू, मशीन अटकून राहिली, द्या इकडे."
त्यानं दोन हजार काढून हातात ठेवले,
कार्डही परत दिलं, तसंच निळं,
नाव तेवढं दुसऱ्याचं.
मी परतलो तेव्हा बाई दारात,
"किती गुणाचा पोरगा रे," म्हणत
त्याच्या गाडीच्या धुराकडे पाहत होत्या.

संध्याकाळपर्यंत बर्डीच्या मशीनमधून
तेवीस हजार गेले.

पुढच्या दोन तारखेला आल्या, नवं कार्ड घेऊन.
मी सगळं सांगून टाकलं. खोकल्याचंही.
त्या कितीतरी वेळ त्या निळ्या पडद्याकडे पाहत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"आजारी नव्हता तर.
मंग तोंडानं सांगाचं होतं ना."

त्यानंतर मी सांगत सुटलो.
काका, अनोळखी हातात कार्ड देऊ नका.
ताई, जरा चिकटून उभ्या राहा, हात आडवा धरा.
दादा, कार्ड जिथे जाते ती फट हलवून पाहा,
ढिली लागली तर उलट्या पावली निघा.
परत आलेल्या कार्डावरचं नाव वाचा. वाचता येत नसेल
तर त्यावर घरूनच नखपॉलिशचा ठिपका लावून आणा.
लोक वैतागायचे.
एक जण म्हणाला, "गार्ड आहेस का कीर्तनकार?"

मग कंपनीनं आम्हाला काढलं.
छतावर एक कॅमेरा आहे आता,
रात्रंदिवस पाहतो, झोपत नाही.
खोकतही नाही.

मी एका शाळेच्या गेटवर असतो हल्ली.
परवा पगार काढायला त्याच खोलीवर गेलो
तर आत गयाबाई.
मी दाराबाहेरच थांबलो, उन्हात.
त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग फट हलवली,
मग बटणांवर पदर धरला,
नजर लागू नये म्हणून दूध झाकून नेतात तसा.
ओठ घट्ट मिटलेले.

आणि मला, सवयीनं,
आला.

मान न वळवता, पदर न हलवता
आतून आवाज आला,
"आता कायले खोकतो?"