सातवी पायरी

"काय हुडकायलाव बाई? शेवाळ हाय ते."
रुखमाजी वरून बोलतो, हातात तारेचा ब्रश,
बारव घासायची रोजंदारी.

शेवाळ नाही.
शेवाळाला पाठ-पोट नसतं. ह्याला आहे.

आत्ता मार्चात दिसतंय ते फक्त
जळक्या कागदाचं कात्रण,
दगडांच्या सांध्यातल्या चिमूटभर मातीला धरून,
दोन्ही कडा आत ओढून निजलेलं.

बाटलीच्या झाकणाने पाणी घातलं. चार थेंब.
रुखमाजीची बिडी निम्मी व्हायच्या आत
कडा उलगडल्या.
हिरवं. जाड. पाठीवर खसखशीहून बारीक छिद्रं.
नखाने अलगद उलटलं तर
पोटाला जांभळे खवले, इरकलीच्या काठाचे.

छत्री पाठीच्या मधोमध उगवली तर एक नाव,
टोकाखाली काळी शिंपली मिटलेली तर दुसरं.
शिंपली आहे.
टार्जिओनिया, मी म्हणाले, जरा जोरातच.

त्याने भिंग मागितलं.
बराच वेळ एक डोळा मिटून बसला.
"काळजाची फोड दिसायली की," म्हणाला.
मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

दिवस कलताना सगळ्या पायऱ्या घासून उघड्या.
सातवी तेवढी सुटलेली,
आसरांच्या कोनाड्याखालची.
तिच्यावर कुंकवाचं ओलं बोट,
मुकादमाला कळावं, ही देवाची.

वहीत उत्तरेची भिंत, सावली, माती लिहून झाली होती.
अधिवासाच्या रकान्यात
कुंकूही लिहिलं.