चौसष्ट बाय चौसष्ट

आफळे मॅडम म्हणाल्या, शब्द आत आहेत त्यांच्या,
दार तेवढं अडकलंय.
चित्रं करा. छोटी, ठसठशीत,
एका बोटाखाली मावतील अशी.

म्हणून रात्री ओटा पुसून झाला की
मी घरभर फोटो काढत फिरते:
चष्मा, पंखा, चादर, गोळ्यांचा डबा,
संडासाचं दार
(हसू नका, ते सगळ्यात आधी लागतं).
नवरा विचारतो, पंचनामा चाललाय का कसला?

मग एकेक फोटो स्क्रीनवर उघडायचा
आणि कापत जायचं.
कपामागची टेबलाची कड,
कडेवरचं लाइटबिल,
बिलावर बसलेली माशी.
चौसष्ट ठिपके आडवे, चौसष्ट उभे,
एवढ्याशा खोलीत एकच वस्तू राहते,
तीही पाय पोटाशी घेऊन.

कपाशी बशी ठेवली तर गर्दी होते.
बशी काढली तर तो बाबांचा चहा राहत नाही,
ते बशीतच पितात.
शेवटी कपच काढला.
बशी, आणि वर वाफेच्या दोन रेघा.

रंग मात्र चढवत नेते.
मिसळीची तर्री इतकी लाल केली
की डोळ्यांना ठसका लागावा.
डॉक्टरांनी बंद केलीय, माहीत आहे.
खाता नाही आली तरी
मागता यायला हवी माणसाला.

फिरायला जायचंय, यासाठी नदी.
होळकर पुलावरून काढलेला फोटो,
पाणी निळं केलं.
इतकी निळी गोदावरी मी तरी पाहिली नाही.

आईचाही एक घेतला होता, सिडकोतल्या भावाकडचा.
लहान करत गेले, करत गेले,
शेवटी कुंकवाचे तीन ठिपके उरले.
ती फाइल सेव्ह केली नाही.
बंदही केली नाही.

पाण्यासाठी तांब्या.
त्यांनीच घडवलेला, तांबट लेनमधल्या दुकानात,
मी चौथीत असताना.
मठाराचे ठोके त्या आकारात
घाणीसारखे दिसत होते,
ब्रश मोठा घेतला आणि पुसून टाकले.
उजव्या खांद्यावर एक पांढरी चकाकी.
सुबक झाला.
कुठल्याही दुकानात मिळेल असा.

सकाळी टॅबलेट मांडीवर ठेवला.
बशी दाबली. पंखा दाबला.
नदीवरून नजर नुसती घसरली.
तांब्यापाशी थांबले
आणि नखाने मारलं,
टक्.
पाणी देऊ?
मान नाही.
टॅबलेट जरासा फिरवला, टक्.
आणखी फिरवला, टक्.
मला वाटलं अडकला असेल, स्क्रीन पुसून दिला.
त्यांनी माझा हात बाजूला केला.
टक्.

डावा हात होता तो.
उजवा, हातोडीचा,
उशीवर ठेवलेला, ठेवला तसाच.

फिरवायचे तेवढंच, खरवईवर फिरवतात तेवढंच.
मारायचे तिथंच, जिथं मी पुसलं होतं.

लॅपटॉप शेजारी घेऊन बसले.
आठशे टक्के झूम केल्यावर
तांब्या म्हणजे नुसती फरशी दिसते.
त्यांनी नख ठेवायचं,
मी तिथं एक ठिपका टाकायचा,
तांब्याहून एक छटा गडद.
चौथा चुकला.
खाली, खाली, असं बोट ओढलं त्यांनी.
चकाकीही उजवीकडून डावीकडे नेववली:
दुकानाची खिडकी डावीकडे होती,
मी विसरले होते.
सात ठोके मावले. आठव्याला जागा नव्हती.

लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.
हं, म्हणाले.
मार्चनंतर पहिल्यांदा.

मग दाबलं.
टॅबलेट माझ्याच आवाजात म्हणाला, पाणी.
मी उठले.
त्यांनी हाताने बस म्हटलं
आणि पुन्हा दाबलं.
पाणी.
पुन्हा.
पाणी.

तहान लागली नव्हती.