एक दात कमी

गुरुवारी संध्याकाळी घंटा उडून रोमला जातात,
शनिवारी रात्री परततात.
मोरावियातल्या कुठल्याही पोराला विचारा,
त्यानं उडताना पाहिलेलीच असते एखादी.

मधला वेळ आमचा.
लाकडी करकरे घेऊन आम्ही गावभर:
पहाटे, भर बाराला, तीनला, दिवेलागणीला.
नासपतीच्या लाकडाचं दातेरी चाक, वर भूर्जाची पट्टी.
मूठ गरगर फिरवली की पट्टी दातादातावरून घसरायची
आणि छपरावरच्या चिमण्या गाव सोडायच्या.

माझ्या चाकाला तेरा दात. चौदावा
माझ्या जन्माआधीच कुणीतरी पाडलेला.
कर्रर्रर्र, मग एक खड्डा, मग कर्रर्रर्र.
प्रोकोप सुतार म्हणायचा, आण इकडे, बसवून देतो.
आई म्हणायची, राहू दे.
चुलीपाशी बसून कळतं मला, तू कुठल्या गल्लीत आहेस.

बेचाळीस साली घंटा आठवडाभर आधीच गेल्या,
ट्रकमधून.
शिपायांनी त्यांच्या अंगावर पांढऱ्या रंगात आकडे घातले होते.
धाकटीच्या कडेला गवत चिकटलेलं.
फाट्यावर ट्रक उत्तरेला वळला.
रोम त्या बाजूला नाही, एवढा भूगोल मला येत होता.

शनिवारी रात्री आम्ही रीतीप्रमाणे करकरे थांबवले
आणि वर बघत उभे राहिलो.
मनोऱ्यात कबुतरं कूस बदलत होती.
तेही ऐकू येत होतं.
मग ओंद्रुश, दोर ओढून ओढून ज्याचे तळवे
साबणासारखे गुळगुळीत झाले होते, माझ्यावर खेकसला:
"थांबलास का?"

तीन वर्षं.
रोज बाराला. लग्नांत. फ्लोरियानची गंजी पेटली तेव्हा.
आणि कुणी गेलं की हळू, बोटानं चाक ढकलत,
टक्.
टक्.
तेरा झाले की खड्डा.
त्या खड्ड्यात माणसं टोपी काढायची.
असं कुणी ठरवलं नव्हतं.

अठ्ठेचाळीसला नवी घंटा आली. पोलादी, जरा नाकात बोलणारी.
पहिल्या दुपारी आई पिठाच्या हातांनी दारात आली,
गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहून आत गेली.
मी तिच्या मागेच उभा होतो.

त्याच आठवड्यात प्रोकोपनं विचारलंच नाही,
चौदावा दात घडवून खिशातून काढून दिला.
बटणांच्या डब्यात आहे अजून.
परवा बसवून पाहिला. शिरत नाही.
चाक आक्रसलंय,
की दात फुगलाय, कुणास ठाऊक.